पांडूरावांचा तीन टाक्यांचा चेंडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता, मी न सांगितलेली गोष्ट म्हणजे काय चीज असते, ते म्हैसूरच्या आमच्या बोगादी भागात कुणालाही विचारा. मी म्हैसुरात गोल्फचा फटका मारला की चेंडू मंड्याच्या उसात पडतो आणि ऊस तोडणारे टाळ्या वाजवतात — अशी माझी ख्याती. पुण्याचा माझा मित्र विन्या तर माझ्या प्रत्येक आकड्याला आधी चारने भागतो, मगच ऐकतो.

तेव्हा आधीच सांगतो, आज भागू नका. जेवढं आहे तेवढंच आहे.

दरवर्षी जोडून सुट्ट्या आल्या की विन्या आणि सदा पुण्याहून येतात. तीन दिवस गोल्फ आणि खाणं. खरं तर खाणं आणि मधे मधे गोल्फ. डोशावर लोण्याचा गोळा असा की वर झेंडा रोवावा. आणि चौथे असतात आमचे पांडूराव. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरकर, धंद्याने टेलर, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तीस वर्षं क्लबातल्या लोकांच्या पँटी शिवल्या आणि पन्नाशीनंतर एक दिवस स्वतःच काठी हातात घेतली. माझीही पँट त्यांनीच शिवलेली. चेंडू पडू नये म्हणून खिसा बोटभर जास्त खोल.

हा खिसा लक्षात ठेवा.

माझी एक मोराची गोष्ट आहे. एकटाच खेळत होतो, एका फटक्यात चेंडू थेट भोकात गेला, आणि वाटेतला मोर अदबीनं बाजूला सरकला. पहिल्या वर्षी मोर एकच होता. नंतर त्याला कुटुंब झालं. एक निवृत्त कर्नल आला, त्यानं सलाम ठोकला. मोर नव्हता, कर्नल नव्हता, तो फटकाही नव्हता. पण कबुली ही नव्हे. ही नुसती थाप, आणि विन्या-सदालाही ते ठाऊक आहे. एकट्या पांडूरावांना नाही. ते दरवर्षी नव्यानं ऐकतात.

चार वर्षांपूर्वीची सकाळ. सातवं होल आखूड, पण मधे उंचवटा. मारणाऱ्याला भोक दिसत नाही. पांडूरावांनी मारला — शिलाई मारावी तसा, सरळ. चेंडू उंचवट्यामागे गेला. विन्याचा डावीकडे घाणेरीच्या झुडपात घुसला. सदा त्याच्यामागे गेला आणि पांडूरावही गेले, स्वतःचा चेंडू सोडून दुसऱ्याचा शोधायला. तसेच आहेत ते. मी एकटा पुढे आलो.

हिरवळीवर चेंडू नव्हता. मी भोकात डोकावलो.

आत होता. पांढरा, त्यावर निळ्या शाईचे तीन टाके. ही पांडूरावांची खूण.

किती वेळ उभा होतो? एरवी मी म्हटलं असतं, तासभर. एक श्वास, फार तर दोन. ओरडायला तोंड उघडलंसुद्धा होतं. आयुष्यभर ज्याच्या थापा मारल्या ते समोर खरं घडलं होतं, आणि बघणारा मी एकटा! — आणि तेवढ्यात माझा मोर मला दिसला. आता दरवर्षी जेवताना गोष्ट पांडूरावांची होणार. खरी. तिच्यापुढे माझी कोण ऐकणार? बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी चेंडू काढून खिशात टाकला. खिसा खोल. काही दिसलं नाही.

मग सगळे आले. शोधाशोध झाली. मीही शोधलं — वाकून, गवत बाजूला सारून. विन्या हसत ओरडला, "अरे, भोकात तरी बघा!"

"बघितलं," मी म्हणालो. "रिकामं आहे."

आणि ते रिकामंच होतं. माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांत याच्याइतकं खरं दुसरं नसेल. गंमत बघा — मला जन्मभर चारने भागणारा विन्या, त्यानंही त्या दिवशी भागलं नाही.

पांडूरावांनी घड्याळ पाहिलं. शोधायला तीन मिनिटं मिळतात, तो नियम आम्ही कुणी पाळत नाही. "आयतु सर, झाली तीन मिनिटं," म्हणाले आणि मागे जाऊन दुसरा चेंडू मारला. दंड धरून पाच झाले. गोल्फमध्ये आपल्या फटक्यांचं कार्ड आपण लिहीत नाही, सोबती लिहितो. त्यांचं कार्ड माझ्याकडे होतं.

दुपारी त्यांच्याच घरी जेवण. वहिनींनी बिसीबेळेभातावर तुपाची धार धरली, वर चिरोटे. खिशातला चेंडू मांडीला टोचत होता.

"सर, ती मोराची सांगा की," पांडूराव म्हणाले.

मी सांगितली. आजवरची सगळ्यात रंगवून. ते घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "अय्यो सर, तुम्ही नशीबवान. विठ्ठलाकडे मागावं असं नाही हो ते. पण एकदा आपलंबी व्हावं, वाटतं."

गेल्या वर्षी त्यांचा खांदा गेला. डॉक्टरांनी काठी बंद केली. यंदाही आले होते, छत्री आणि डबा घेऊन. सातव्या होलला उंचवट्यावर चढून उभे राहिले आणि म्हणाले, "इथंच कुठं तरी असेल बघा माझा एक."

विन्या हसला. मीही हसलो.

चेंडू माझ्या कपाटात आहे, त्याच पँटच्या खिशात. टाके अजून पुसले नाहीत. आणि पांडूरावांनी ते कार्ड जपून ठेवलंय. मित्रांबरोबरचं म्हणून दुकानात आरशाच्या चौकटीत खोचलंय. माप द्यायला उभं राहिलं की समोरच दिसतं. सातव्यापुढे पाच. अक्षर माझं.