आईला दिसावा म्हणून माऊसचा बाण मोठा केला

दुपारपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध जवळ आलंय. फ्रेमसाठी फोटो आईनंच निवडायचा, असं ठरलं होतं. ती माण तालुक्यातल्या आमच्या गावी, मी साताऱ्यात. व्हिडिओ कॉल लावला, तिच्या टॅबवर माझी स्क्रीन शेअर केली आणि आबांच्या पलटणीचा फोटो उघडला. सगळे एकाच वर्दीतले, म्हणून माऊसचा बाण आबांवर नेऊन ठेवला.

"बाण कुठं हाय गं? मला न्हाई दिसत."

सेटिंगमध्ये जाऊन बाण मोठा केला, पिवळाधमक केला आणि परत आबांवर ठेवला.

"आता दिसला?"

"व्हय, आता लय झ्याक दिसतोय. तुझं आबाच की. काय रुबाब हाय बघ."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. सेटिंगच्या गडबडीत स्क्रीन शेअरिंग कधीच बंद पडलं होतं. तिच्यासमोर फक्त माझा चेहरा होता.

"व्हय आई, तेच आबा. हाच फोटो करू," एवढंच म्हटलं.

उद्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायला गावी निघालेय. पण "आई, माझा चेहरा तरी दिसतो का गं," हे तिला कसं विचारायचं, सांगाल का कुणी?