मालाचं गेट

"विमानानं पावणेदोन तास, सर. पाचच्या आत पोहोचते," मोबाइलवर बघून मी साहेबांना सांगितलं.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे रबरी बुश बनवते. त्या दिवशी सकाळी आमचा ट्रक वाटेत बंद पडला आणि चेन्नईबाहेरच्या कारखान्यातून फोन आला, माल संध्याकाळी पाचपर्यंतच पुरेल. पुढे त्यांची गाड्या जोडायची लाइन थांबणार. ज्याच्यामुळे लाइन थांबते त्याला पुढची ऑर्डर कशी मिळते, हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी माणूसच माल घेऊन विमानात बसतो. दोन बॅगा भरून मला उभं केलं. नोकरीला आठ महिने झाले होते. विमान मी आतून पाहिलं नव्हतं.

आधार कार्ड घ्यायला कॅब कुरुळीत घराकडे वळवली. आण्णा, म्हणजे माझे वडील, दारात बसले होते. लातूरहून इथं आले आणि गुडघे जाईपर्यंत वीस वर्षं त्यांनी चाकण-चेन्नई ट्रक चालवला.

"कुठं निघालीस माय, एवढ्या घाईनं?"

सांगितलं. कारखान्याचं नाव आणि पावणेदोन तासही सांगितले.

ते हसले. "आमाला तीन दिस लागायचे. बरं, हे हवेतले झाले. खालचे किती?"

"विमानतळापासून सव्वा तास."

"आन् गेटावरचे?"

गेटावरचे मी धरलेच नव्हते.

"मेन गेटला जाऊ नको. खुर्चीत बसवतील, पाणी देतील, फोटो काढतील. पास होईस्तोवर पाऊण तास गेला. मागं मालाचं गेट हाय. ट्रकांची रांग दिसंल, त्यात थांबू नको. हातातला माल खिडकीवर आधी घेतात. आन् मालाचा कागद, चलन, बॅगेत नको, हातात धर."

आई आतून ओरडली, "पोरगी इमानानं चालली अन् तुमी ट्रकची वाट कशाला सांगायलात तिला?"

"उतरल्यावर सगळ्यांना खालूनच जावं लागतंय," आण्णा म्हणाले.

विमान वेळेवर उतरलं, बॅगा मात्र पट्ट्यावर उशिरा आल्या. कारखान्याशी पोहोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. कॅब थांबली ती काचेच्या मोठ्या दाराशी. पहारेकऱ्यानं अदबीनं खुर्ची दाखवली. क्षणभर वाटलं, इंजिनिअर माणसानं इथूनच जायचं असतं. मग ड्रायव्हरला खुणेनं कॅब मागच्या गेटाकडे घ्यायला सांगितलं.

मागे ट्रकांची लांब रांग होती. दोन्ही हातांत बॅगा, चलन दातांत धरून मी तिच्या कडेनं चालत सुटले. एका ड्रायव्हरनं काही न विचारता एक बॅग उचलली आणि खिडकीपर्यंत आणून ठेवली. आतल्या माणसानं चलनावर शिक्का मारला. पाचला बारा मिनिटं कमी असताना माल आत गेला. लाइन थांबली नाही.

तिथूनच साहेबांना फोन केला.

"शाब्बास! पण मालाचं गेट तुला कुणी सांगितलं? आपल्या जुन्या लोकांनाही माहीत नाही."

कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'खासगी नोकरी' लिहीत आले होते.

"माझ्या वडिलांनी, सर. ते ट्रक ड्रायव्हर आहेत."

आवाज जरा मोठाच निघाला असावा. रांगेतले दोघं-तिघं वळून बघायला लागले.