नावासकट उत्तरं

कोरोनाच्या दिवसांत मी धुळ्याच्या एका दवाखान्यात वॉर्डातली मावशी होते. झाडलोट करायची, पेशंटला पाणी पाजायचं, सिलिंडर ढकलायला हात लावायचा. शाळा सातवीतच सुटलेली, तेव्हा हे काम मिळालं याचंच मला अप्रूप. मुदत तीन-तीन महिन्यांनी वाढायची. घर बोदवडकडे, गाड्या बंद, लेक भावाजवळ.

एक दिवस कॉलेजातली एक मुलगी कागद घेऊन आली. अशा संकटात माणसं किती मन लावून काम करतात आणि वरचे त्यांना कसं सांभाळतात, हे तिला मोजायचं होतं. प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही', 'कधी कधी', 'रोज' असे चौकोन. कागद सिस्टरांच्या टेबलावरच्या सलाईनच्या खोक्यात टाका, म्हणाली. आठवड्याने साहेबांना दाखवायचेत.

मी पेन धरलं नि हात आपोआप वरच्या कोपऱ्यात गेला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका. शाळेत कोऱ्या कागदावर आधी तेच तर लिहायचं असतं. मग 'काम सोडून जावंसं वाटतं का?' इथे 'रोज'वर खूण. खोटं कशाला लिहा? किट चढवताना रोजच वाटायचं.

चहाच्या वेळी दुसरी मावशी म्हणाली, वर ठळक छापलेलं होतं, नाव लिहू नये. मी कप तसाच खाली ठेवला. मुदत संपायला बारा दिवस. जिला रोज पळून जावंसं वाटतं, तिला साहेब कशाला ठेवतील?

शेवटी सिस्टरांकडे गेले. बाई कडक. पण एकमेकींच्या किटची गाठ तपासल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम त्यांचाच. आणि लेकीचं तोंड मी रोज चार वाजता बघायची ते त्यांच्याच फोनवर. काय लिहून बसले ते सगळं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की चष्म्यावर वाफ धरली.

"घाबरस कसाले, मावशी? मन्हं बी तेच शे. रोज वाटस, रोज येस."

म्हणजे त्यांनाही रोज जावंसं वाटायचं, तरी रोज यायच्या. खोकं पुढे सरकवून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. "तुमचा शोधा. मी बघत नाही."

शोधते तर काय, नावासकट आणखी चार कागद. एका वॉर्डातल्या मामांनी तर खाली 'आपला विश्वासू' लिहून सही ठोकलेली. ते वाचून मलाही हसू आवरेना. सिस्टरांनी न वळताच ड्रेसिंगची कात्री मागे धरली. म्हणाल्या, नाव कापा, उत्तर राहू द्या. मी पाचही कागदांची नावं कापली, मामांचा विश्वासूसुद्धा.

माझ्या कागदावर एक प्रश्न कोराच राहिला होता. 'वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का?' कागद भरताना सिस्टर समोर उभ्या होत्या, म्हणून सोडलेला.

"झालं का?" त्या खिडकीकडूनच म्हणाल्या. "सात नंबरला पाणी हवंय."

एक मिनिट, म्हटलं, आणि 'रोज'वर खूण केली.

मुदत वाढली. अजून तिथंच आहे.