बिनधुराची चूल आणि लाल भाताचा मुडा

माझा स्वभाव मुळात उकरून बघण्याचा. माहेरी, मोहोपाड्याच्या कॉलनीत, मी एकदा वडिलांचं घड्याळ आत काय आहे म्हणून उघडलं, ते पुन्हा कधी चाललं नाही. लग्न होऊन माथेरानच्या पायथ्याच्या खेड्यात आले, तेव्हा पहिली शंका मला चुलीचीच आली. एवढा धूर होतो, तर तो घरातच का ठेवून घ्यायचा?

धूर काही थोडाथोडका नव्हता. कौलांना आतून काजळी लोंबायची. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची काच दर पौर्णिमेला पुसायची, की पुढच्या पौर्णिमेपर्यंत ती पुन्हा धुरकट. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. आत्या फुंकणीनं दोनदा फुंकायच्या नि चारदा खोकायच्या. पुढं पुढं तो खोकला त्यांच्याबरोबर शेतावरही जाऊ लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यांना धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठं? माझ्या हातचा भात त्यांना चिकट वाटे, त्यामुळं चूल काही त्या सोडत नसत.

दुसरं म्हणजे चुलीच्या बरोबर वर, माळ्यावर, त्यांचा जीव टांगलेला होता. पेंढ्यात गुंडाळून सुंभानं करकचून आवळलेला बियाण्याचा मुडा. त्यात लाल भात. लग्नात त्यांच्या आईनं ओटीत घातलेलं ते बी आत्या दरसाल एका खाचरात लावत, दरसाल राखून ठेवत. गावात दुसऱ्या कुणाकडं ते नव्हतं. आई गेली, माहेरची जमीन गेली, हा भात राहिला.

हे ऐंशी सालानंतरचं. तालुक्याला बिनधुराच्या चुलीचं शिबिर निघालं आणि मी धावले. इतके प्रश्न विचारले, की शिकवणाऱ्या बाई शेवटी हात जोडून म्हणाल्या, "अहो, आधी माती तर मळा!"

घरी येऊन वारुळाची माती, शेण आणि भाताचं तूस मळलं. पत्र्याच्या साच्यावर दोन वैलांची, म्हणजे एका जाळावर दोन भांडी बसतील अशी, चूल घातली. मागं नळी बसवून ती दोन कौलं काढून छपराबाहेर नेली. नळी चुलीतून निघते तिथं पत्र्याची एक झडप होती, पुढंमागं सारायची. ती मिटली तर धूर उलटा घरात येतो, म्हणून कायम उघडी ठेवा, असं बाईंनी बजावलं होतं. पहिला जाळ घातला आणि मी अंगणात पळाले. नळीतून धूर! आत आले, तर आत धूर नाही. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"उंबरा झिजवशील गं," आत्या म्हणाल्या.

दोनतीन महिन्यांत खोकला उतरला. आणि एक नवलच झालं. आत्या बोलायला लागल्या. भाकरी थापता थापता सबंध गोष्ट सांगू लागल्या, गावातल्या बायकांच्या नकला करू लागल्या. तोवर मला वाटायचं, बाई अबोल आहे. खरं म्हणजे बोलायला त्यांना दमच पुरत नव्हता. मी गावभर मिरवले. माझ्या हातानं आणखी चार घरी चुली झाल्या.

पेरणीच्या तोंडावर आत्यांनी मुडा खाली काढायला सांगितलं. सुंभ सोडलं, तर पेंढ्यातून किडीची बारीक पाखरं उडाली. आत टोके, दाणा पोखरणारे किडे, वळवळत होते. दाणा हातात घेऊन चिमटला, की टरफलच उरे.

इतक्या वर्षांत त्या मुड्याला कधी कीड लागली नव्हती, कारण खाली धूर होता. हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मीच काय ती विचारायची विसरले होते. जगाला प्रश्न विचारत फिरले आणि धूर आजवर करत काय होता, हा एक प्रश्न मला पडला नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि चुलीकडं निघाले.

आत्या आडव्या आल्या. "चुलीला हात लावशील तर बघ!"

त्या का अडवताहेत, ते मला कळेना. त्यांनी सूप घेतलं आणि ओटीवर बसून एकेक दाणा निवडला. ओंजळभर धड दाणे निघाले. ते खाचराच्या एका कोपऱ्यात पेरले आणि मी रोज जाऊन बघत राहिले. उगवले. दिवाळीच्या सुमारास त्यांचा मुडा झाला, नारळाएवढा.

आता हा कसा जपायचा? चुलीपुढं बसून विचार करता करता माझी नजर झडपेवर गेली. बाईंनी जे करू नका म्हणून बजावलं होतं, तेच करायचं! पौर्णिमेला तसबिरीची काच पुसायच्या आधी सगळ्यांनी अंगणात जायचं, चुलीत ओला पाला घालून झडप मिटायची नि दार ओढून घ्यायचं. घटकाभर घर धुरानं भरू द्यायचं. मग झडप उघडायची. महिनाभर मुडाही सुखी, छातीही सुखी.

पहिल्या पौर्णिमेला आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. ओढलेल्या दारामागं घर धुरानं भरत होतं. मी विचारलं, "आत्या, त्या दिवशी चूल का मोडू दिली नाहीत?"

त्या पायानं माती उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाव व्हतं गं. व्हळी झाल्यावर मुड्याला कान लावला व्हता. आत कुरकुर चालली व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू तवाच चूल मोडली असतीस. माज्या आयचं बी ते. पन छाती मोकळी झाली व्हती गं. म्हटलं, खाऊ दे टोक्यांना. मला जरा दम घेऊ दे."

त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि धूर तर सगळा आत घरात होता.