तारेखाली अडकलेली घरगाडी

लग्नानंतरची माझी काही वर्षं एका जुन्या बसमध्ये गेली. प्रवासात गेली असं नाही म्हणत मी, राहण्यात गेली. आमचा संसार त्या बसमध्येच होता.

माझे यजमान सोलापुरात एका कापड गिरणीत फिटर होते. कुणाच्या हाताखाली राबायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. सत्तर साल उलटल्यावर त्यांनी नोकरी सोडली, भंगारात निघालेली एक बस घेतली आणि आतली बाकडी उपटून काढली. मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचा पलंग केला. मध्ये स्टोव्ह, डबे आणि पाण्याची घागर, आणि पुढं दाराजवळ चादरी-टॉवेल रचायला कप्पे. आठवडी बाजार गाठत फिरायचं, सोलापुरी चादरी विकायच्या आणि रात्री तिथंच झोपायचं. शहरातली भाड्याची खोली आम्ही सोडून दिली. खोली सुटली त्या दिवशी माझा पाय निघत नव्हता, पण ते इतके खुशीत होते की मी भांडी बांधायला घेतली.

आम्ही चौघं होतो. ते, मी, आमची चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात निम्मं कानडी. मुलगी त्यांना अव्वा म्हणायची, ऐकून ऐकून आम्हीही अव्वाच म्हणायला लागलो. अव्वांचे गुडघे धरलेले. बसच्या पायऱ्या चढताना एका हाताला मी आणि दुसऱ्या हाताला दाराची लोखंडी दांडी लागायची. एकदा चढल्या की शक्यतो उतरायच्या नाहीत. दिवसभर पलंगावर बसून खिडकीच्या गजांतून बाहेर बघत राहायच्या. मीही काही फार वेगळी नव्हते. उभं राहिलं की डोक्याला सामानाची फळी लागायची, वळलं की कोपर कप्प्याला. कुणावर रागावले तरी उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नव्हती.

विजेची सोय यजमानांनी स्वतः केली होती. यंत्रांत त्यांचा हात चांगला होता, म्हणून वीजही तशीच असेल असं त्यांनी धरलं. बाजाराच्या गावी गाडी लावली की पिठाच्या गिरणीतून नाहीतर ओळखीच्या दुकानातून एक लांब वायर खिडकीतून आत घ्यायची. त्यावर दोन बल्ब आणि एक छोटा पंखा. वायर दोन-तीन ठिकाणी जोडलेली, त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली.

नातेपुत्याच्या बाजारात एकदा मी गाडीच्या पायथ्याशी भांडी घासत होते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिले आणि आत जायला दाराची दांडी धरली. कोपरापर्यंत असा झटका बसला की हातातलं पातेलं लांब जाऊन पडलं.

"गाडीत करंट उतरलाय," मी म्हणाले.

त्यांनी आतूनच दांडीला हात लावून बघितला. "मला तर काही लागत नाही."

"तुम्ही आत उभे आहात. खाली मातीवर उभं राहून लावा."

"हाताला मुंग्या आल्या असतील तुझ्या," म्हणाले आणि वायर काढून पुन्हा लावली. तेवढ्यानं झटका बंद झाला आणि विषय संपला. त्यांच्या दृष्टीनं संपला. मी मात्र त्यानंतर दांडीला हात लावताना पदर मध्ये धरायला लागले, आणि मुलीला एकटीला चढू-उतरू द्यायचं बंद केलं. आधीच लहान असलेली जागा तिच्यासाठी आणखी लहान झाली.

शिवरात्र होऊन गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. आम्ही मोडनिंबहून करकंबकडं निघालो होतो. टपावर चादरींचे गठ्ठे, त्यावर ताडपत्री आणि त्याच्याही वर बाजारात मांडव घालायचे लोखंडी पाइप बांधलेले. हे ओझं फार उंच झालंय असं अव्वा निघताना म्हणाल्या होत्या. यजमान म्हणाले, "मोकळं रान आहे, वर काय लागणार?"

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस. समोरून उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. वाट देण्यासाठी त्यांनी बस कडेला घेतली. डावी चाकं रस्त्यावरून खाली मऊ मातीत उतरली आणि गाडी एका बाजूला कलली. आतली घागर आडवी होऊन सगळं पाणी वाहून गेलं. मी मुलीला धरते न धरते तोच डोक्यावर पाइप करकरले, काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि समोरच्या काचेवरून एक तार खाली आली. तिचं टोक रस्त्याकडेच्या उसाच्या वाळल्या पाचटात पडलं होतं आणि तिथून तडतड ऐकू येत होती.

यजमानांनी इंजिन बंद केलं. मग मागं वळून अगदी हळू म्हणाले, "कुणी कशाला हात लावू नका. लोखंडाला तर नाहीच. पलंगावर चढून बसा."

मी मुलीला घेऊन अव्वांच्या शेजारी चढून बसले. खाली लाकूड, वर गाद्या. बैलगाडीवाल्यांनी बैल पुढं हाकलले आणि लांब जाऊन थांबले. शेजारच्या शेतात उसाला पाणी देत दारं धरत असलेला एक शेतकरी खोरं टाकून धावत आला.

"पुढं येऊ नका," यजमान ओरडले. "गाडीवर तार पडलीय."

"दिसतीया की. तुमी सगळी ठीक हाय न्हवं?"

"ठीक आहोत. ही लाइन बंद कोण करेल?"

"वायरमन करकंबात असतोय. सायकलवर मानूस धाडतो," असं म्हणून तो मागं गेला आणि गाडीवाल्यांपैकी एकाला त्यानं आपली सायकल देऊन पाठवलं.

मग आम्ही बसून राहिलो. पत्र्याची गाडी, वर ऊन, आणि खिडक्या असून त्यांच्या गजांना हात लावायचा नाही. यजमानांनी एकदा दाराकडं बघितलं. "दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारली तर सुटता येतं, असं गिरणीत ऐकलंय," ते म्हणाले. "खाली पोचेपर्यंत गाडीला हात लागता कामा नये."

अव्वा म्हणाल्या, "मला उडी जमणार आहे का? तू जा. हिला आणि लेकराला घे."

त्यांनी मुलीकडं पाहिलं. तिला कडेवर घेऊन उडी मारायची, पाय घसरला, दांडीला तिचा हात लागला तर? ते सीटवरच पाय वर घेऊन बसले. एकटे सहज सुटले असते ते. इतक्या वर्षांनंतरही त्यांची ती पाठमोरी आकृती मला आठवते, घामानं सदरा चिकटलेला, आणि हात मांडीवर घट्ट दाबून ठेवलेले.

मुलीला तहान लागली. आधी कुरकुर, मग रडणं. पाण्याचा थेंब नव्हता. ऊसतोडीच्या बायका तोवर जमल्या होत्या. त्यांतल्या एकीला ते रडणं ऐकवेना. तिनं तांब्याभर पाणी घेतलं आणि तार पडलेली बाजू सोडून मागच्या अंगानं पलंगालगतच्या खिडकीशी येऊ लागली.

"बाय, लेकराला पाज एवढं," ती म्हणाली आणि पितळेचा तांब्या पुढं केला.

माझी मुलगी माझ्या हातातून निसटून खिडकीकडं झेपावली. मी झगा धरून तिला मागं ओढलं आणि त्या बाईवर जिवाच्या आकांतानं ओरडले, "मागं हो. तांब्या टेकला तर तू मरशील."

ती जागच्या जागी थांबली. मग पाय न उचलता, घासत घासत मागं गेली. करंट उतरलेल्या जमिनीवरून तसंच जायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं होतं की भीतीनं तशी गेली, देव जाणे. पाणी आमच्यापासून हातभर अंतरावर आलं होतं आणि मी ते परत पाठवलं होतं. मुलगी मला मारायला लागली, चावली. अव्वांनी तिला जवळ ओढून पदरानं वारा घालत कानडीत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मला कुठं बघावं कळेना. त्या बाईकडंही बघवत नव्हतं आणि पोरीकडंही.

बऱ्याच वेळानं त्या शेतातल्या विहिरीवरची पाण्याची मोटार थांबली. तिथल्या खोलीच्या दारात दिवसाही एक बल्ब जळत होता, तोही विझला. पाचटातली तडतड थांबली.

शेतकरी म्हणाला, "गेली लाइट. उतरा आता बिगीबिगी."

यजमान उठले. "चल. पोरीला दे माझ्याकडं."

त्यांनी दांडीकडं हात नेला आणि मी मागून त्यांचा सदरा धरला. "वायरमन आलाय का? त्यानं बंद केलीय का?"

"न्हाय आला अजून. पर लाइट गेलीय की," शेतकऱ्यानं बाहेरूनच सांगितलं.

"मग ती येईल परत," मी म्हणाले. "रोज जाते आणि रोज येते."

"सोड," ते म्हणाले. आवाजात राग होता. "किती वेळ बसवणार आहेस असं?"

मी सोडलं नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी अडवलं नव्हतं. शेवटी अव्वा बोलल्या. "बस खाली. ती म्हणते तर बस."

ते बसले, पण माझ्याकडं बघितलं नाही. बाहेर लोक आपसात बोलत होते, आम्ही किती भित्रे आहोत ते सांगत असावेत. मलाही वाटायला लागलं, उगीच कोंडून धरलंय मी सगळ्यांना. पोर रडून रडून गप्प झाली होती, तिचे ओठ सुकले होते. उठावं आणि जावं, असं माझ्याच मनात आलं तेवढ्यात विहिरीवरचा बल्ब लागला. तारेच्या टोकाशी निळसर ठिणगी उडाली आणि पाचटातून धूर निघाला.

यजमानांनी चेहरा दोन्ही हातांत धरला.

शेतकऱ्यानं आणि गाडीवाल्यांनी लांबूनच माती फेकून धूर विझवला. वायरमन सायकलवरून आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं आधी पलीकडं ट्रान्सफॉर्मरवर जाऊन लाइन तोडली, मग कोरड्या बांबूनं तार गाडीवरून बाजूला सारली आणि सांगितलं, "या आता. एकेक जण या."

तरी मी दांडी धरली नाही. अव्वांना दोघांनी उचलून उतरवलं. त्या तांब्यावाल्या बाईनं माझ्या मुलीला मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं. मी तिला काहीतरी म्हणायला गेले तर ती म्हणाली, "वरडलीस ते बरं केलंस बाय. मला काय ठावं व्हतं?"

वायरमन टपाकडं बघून यजमानांना म्हणाला, "एवढं उंच बांधून कुटं निघाला होता?" गाडीवाल्यांच्या मदतीनं यजमानांनी पाइप उतरवले.

गाडी बाहेर काढून झाली, तरी अव्वा बांधावरच बसून होत्या. "मी यात चढणार नाही," त्या लेकाला म्हणाल्या. "मी एस्टीनं सोलापूरला लेकीकडं जाते. आणि ह्या दोघीही माझ्याबरोबर येतील."

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणावं असं त्यांना वाटत असणार. मी मुलीला कडेवर घेतलं आणि अव्वांचा हात धरला.

नणंदेच्या घरी एका खोलीत आम्ही सात माणसं राहिलो. शेजारी विणकरांचे माग दिवसभर खडखडत असायचे. जागा बसपेक्षा फार मोठी नव्हती, पण दार ढकललं की बाहेर जाता येत होतं. पहिले काही दिवस मी उगीचच सारखी बाहेर जाऊन यायचे. मुलगी पाण्याचा पेला उशाशी घेऊन झोपायची.

यजमान काही आठवड्यांनी आले. एका वायरमनला बरोबर घेऊन त्यांनी गाडीतली सगळी वायरिंग नवी करून घेतली. करंट उतरलाच तर जमिनीत जावा म्हणून गाडीला जमिनीशी जोडणारी जाड तार आणि लोखंडी सळई घेतली, आणि टपावर काही बांधणं बंद केलं. एवढं झाल्यावर ते मला विचारायला आले. हुकूम नव्हता, विचारणंच होतं. म्हणून मी पुन्हा गेले. आणखी दोन वर्षं मी त्या बसमध्ये राहिले, पण तारांखालून गाडी जाताना बोलणं अर्धवट सोडून वर बघायची सवय जी लागली, ती काही गेली नाही.

अव्वा मात्र पुन्हा कधी चढल्या नाहीत. पुढं नातेपुत्याच्या एका माणसानं ती बस हॉटेल थाटायला विकत नेली, आणि आम्ही शहरात एक खोली घेतली. तिला दोन दारं होती. यजमानांनीच शोधली होती ती.