फोन आण्णांच्या हातात होता

कोपरावरचे चट्टे मी तीन वर्षं नायटा म्हणूनच वागवले. थेरगावातल्या मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा खपल्या. चाकणच्या कंपनीत मी तयार पार्ट मोजून तपासतो. पहिल्या शिफ्टला बोटं वळेनाशी झाली, हातातला मापाचा गेज दोनदा खाली पडला, तेव्हा कुठे मी बायकोला कोपरं दाखवली, आणि तिने मोबाइलवर त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. ती स्वतः कामावर गेली होती. घरात मी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील.

डॉक्टर बाई पडद्यावर आल्या. मला वाटलं, फोनवरून काय कळणार! पण त्यांनी नखं कॅमेऱ्याजवळ धरायला लावली. त्यांच्यावरचे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. मग मूठ वळायला सांगितली. सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, विचारलं.

"तासभर."

"पाठ बघायचीय. फोन धरायला कोणी आहे?"

आण्णांना हाक मारली. मी शर्ट काढून खिडकीकडे पाठ केली, आणि ते बाई सांगतील तसा फोन वर-खाली करत राहिले. त्यांना माझं हे सगळं पहिल्यांदाच दिसत होतं. मला लाज वाटली.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मागून आण्णा म्हणाले, "हाय. मला हाय."

मी वळलो. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. दोन्ही गुडघ्यांवर जाड, पांढुरके चट्टे. करंगळी वाकडी होती, ती प्रेस मशीनखाली सापडली होती असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"न्हाई सापडली. आपोआप वाकडी झाली," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीपासनं हाय समदं. गावात कळलं असतं तर महारोग म्हनले असते. तुझ्या आईला ठावं व्हतं, बाकी कुनाला न्हाई."

"काका, हा महारोग नाही," बाई म्हणाल्या. "कुणाच्या स्पर्शाने होतही नाही. सोरायसिस आहे. शरीराची संरक्षणाची ताकद शरीरावरच उलटते. आधी कातडीवर, मग सांध्यांवर. चट्टे आणि बोटं, दोन्हींचं दुखणं एकच."

माझी तपासणी होती, पण पुढची दहा मिनिटं त्या आण्णांशीच बोलल्या. दोघांना रक्ताच्या तपासण्या करायला आणि हातांचे एक्स-रे काढायला सांगितलं, आणि सांध्यांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटायला पाठवलं. आण्णांची करंगळी सरळ होणार नव्हती. बाकीची बोटं वाचवता येतील, असं ते डॉक्टर पुढे भेटीत म्हणाले.

त्या गुरुवारी फोन ठेवून मी शर्ट घातला. मला राग आला होता. आधी सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं फुकट गेली नसती. पण बाहेरून घरात येताना मी स्वतःही बाह्या खाली ओढत होतोच की. बायकोसमोरसुद्धा.

"चूक झाली माझी," शेवटी तेच म्हणाले.

"माझीपण," मी म्हणालो. ते त्यांना नीट कळलं की नाही, ठाऊक नाही.

आता आम्ही दोघंही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दर रविवारी बरोबरच घेतो, ठरलेल्या वेळी रक्त तपासतो. माझी मूठ वळते. चट्टे फिके झालेत, गेलेले नाहीत. आण्णांचे गुडघे मात्र अजून दुखतात.

मुलगी आठवीत आहे. तिला होईलच असं नाही, पण लक्ष ठेवा, असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. एका संध्याकाळी मी तिला जवळ बसवून माझं कोपर दाखवलं आणि रोगाचं नाव सांगितलं. तिने हात लावून पाहिला.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"कधीकधी," मी म्हणालो.