बैहरच्या रस्त्यावरची ‘बस’

गोंदियाहून बालाघाटची गाडी तासभर उशिरा सुटली, आणि सुटल्यावरही जायची इच्छा नसल्यासारखी प्रत्येक स्टेशनात रेंगाळली. माझा पारा तिथूनच चढला. पुण्याहून हाडं खिळखिळी करून घेत मी निघाले होते ते एकाच कामासाठी. बालाघाटपुढच्या लामत्याची माझी भाची मनीषा वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाली होती आणि आता पायी चालायची परीक्षा राहिली होती. ठरलेल्या वेळात चौदा किलोमीटर. मागच्या खेपेला शेवटच्या टप्प्यात पोटरीत गोळे आले, ती रस्त्यावर बसली, आणि बसली ती उठलीच नाही. वयाची अट संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. मी तीस वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलेली बाई. म्हटलं, यंदा मीच जाते.

बालाघाटला उतरले तर लामत्याची गाडी निघून गेलेली. वैनगंगा बघणं राहिलं बाजूला, मी रिक्षाने बसस्टँड गाठलं. तिथे एकाला विचारलं, “लामत्याची बस कधी?”

“बस, आ ही रही है,” तो म्हणाला.

ही ‘आ ही रही है’ दीड तासाने आली.

लामत्याला धाकटी बहीण सुशीला दारातच उभी होती. “ये ताई, बस.” त्या घरात मला दुसरं काही करू दिलं असेल तर शपथ. हात धुवायला उठले की “बस ना”, पाणी घ्यायला उठले की “मी देतो, तू बस.” माझं एक वेळ ठीक आहे हो, मी पाहुणी. पण मनीषालाही आठ दिवसांपासून खाटेवर बसवून ठेवलेलं!

“काहून (कशाला) चालवू तिले? पाय थकून जातीन,” सुशीला म्हणाली. “ताकद साचू दे.”

“ताकद काय रांजणात साचते?” मी ओरडलेच.

मग सुशीला नको नको म्हणत असताना मी तिला सगळं सांगितलं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि पायांत उतरलेलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. महिनोन्‌महिने चाललं की स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, तेवढ्याच कामाला हृदयाला कमी धडधडावं लागतं. नुसतं बसून राहिलं की हे कमावलेलं सैल पडायला लागतं. आणि भरभर चालून एकदम बसलं, तर रक्त पायांतच साचतं, डोकं गरगरतं.

“वही तो, मौसी!” मनीषा म्हणाली. “पिछली बार बैठते ही चक्कर आया था.” तिची मराठी आईपुरतीच. शाळा, मैत्रिणी, मोबाइल, सगळं हिंदीत.

“ऐकलंस?” मी सुशीलाला म्हटलं.

“हौ, ऐकलं. तू बस, चहा आणतो.”

काय करावं या बाईला! दोन दिवस संध्याकाळी मीच मनीषाला धानाच्या बांध्यांकडच्या रस्त्यावर चालवलं. थांबायचं झालं तरी एकदम नाही, हळूहळू, हे शंभरदा बजावलं.

परीक्षा बैहरच्या रस्त्यावर होती. त्या दिवशी पहाटे पाहते तर सुशीलाने ताटात चिन्नोर तांदळाच्या भाताचा डोंगर रचलेला. मी ताट ओढून घेतलं. “एवढं खाल्लं तर रक्त पोटाकडे धावेल. पायांना काय उरेल?” शेवटी पेजेवर (तांदळाची मीठ घातलेली पातळ कांजी) तडजोड झाली. सुशीला जीपमध्ये बैहरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दोन्ही बाजूंना सालाच्या झाडांचं सुंदर जंगल होतं म्हणे. माझं लक्ष घड्याळाकडे.

आम्ही शेवटच्या वळणावर उभ्या राहिलो. मुली एकेक करून पुढे गेल्या. वेळ संपत आली तेव्हा मनीषा दिसली. लंगडत होती. पुन्हा तोच गोळा, तीच पोटरी. ती थांबली, वाकून पाय धरला.

शेजारचा गमछावाला माणूस ओरडला, “बस, बेटी, बस!”

“बसायला काय सांगता तिला?” मी त्याच्या अंगावरच गेले.

“अरे माताजी, चलने को ही तो बोल रहा हूँ! थोड़ा ही बचा है!”

तेवढ्यात सुशीलाचा बांध फुटला. लेकीचं ते तोंड तिला बघवेना. ती रडत रस्त्याच्या कडेने धावत सुटली, “बस वो माय! मरू दे ते नौकरी! बस, बस!” आणि ती हिंदीत बोलत नव्हती. मी डोळे मिटले. झालं, गेलं सगळं.

डोळे उघडले तर मनीषा चालत होती. दात ओठ खात, एक पाय ओढत, पण चालत होती. वळण पार झालं, शेवटची रेघही. तिथल्या वनखात्याच्या साहेबाने घड्याळ पाहून मान हलवली. “हो गया, टाइम में है.”

सुशीला प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावली. मनीषाने ती बाजूला सारली आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू येरझारा घालत राहिली. श्वास जरा बसल्यावर आईच्या गळ्यात पडून म्हणाली, “आई, तू नसती चिल्लावली ना, तर मी बसलीच असती. बाकी काही ऐकू नाही आलं. खाली (नुसतं) तुझं बस, बस. म्हटलं, बस, थोडंच राह्यलं.”

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. भेदरून पाहिलं. दोन दिवस मी तिला एक वाक्य सरळ बोलू दिलं नव्हतं.

“हौ,” मी म्हणाले, “तुझी आई तेच सांगत होती.”

परतीची गाडीही उशिराच आली. मनीषा लामत्याच्या फलाटावर अजून लंगडत होती. मी डब्याच्या दारात उभी राहून स्ट्रेचिंगचं शेवटचं भाषण देत होते तेवढ्यात गाडी हलली.

“बस, ताई, बस!” सुशीला ओरडली. ती कुठली बस म्हणाली कोण जाणे. मी मात्र पहिल्यांदाच काही न बोलता जाऊन बसले.